पडद्यापुरती जागा
(द्वितीय वर्ष, कला)

भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. सामान्यज्ञानाच्या पुस्तकात पहिला भारतीय चित्रपट कोणता, या प्रश्नापुढे 'राजा हरिश्चंद्र' आणि १९१३ एवढे लिहिले की पूर्ण गुण मिळतात. माझीही ओळख तेवढीच होती. गेल्या वर्षी आमच्या वागळे इस्टेटमधल्या मंडळाने ३० एप्रिलला, म्हणजे फाळक्यांच्या जयंतीला, उघड्यावर त्यांचे चित्रपट दाखवायचे ठरवले. कॉलेजात जाणारी मी एकटीच, म्हणून अर्ज लिहिण्याचे आणि जागा शोधण्याचे काम माझ्याकडे आले. त्या निमित्ताने मी ग्रंथालयातून त्यांच्याविषयीची पुस्तके आणून वाचली. पहिला चित्रपट त्यांनी कसा काढला, याची हकीकत सगळीकडे सापडते. पण चित्रपट काढायला जागा लागते आणि दाखवायलाही जागा लागते. ती त्यांना कोठे मिळाली, कोणी दिली, कोणी नाकारली, हे ओळींच्या मधून वेचावे लागते. प्रस्तुत लेखात त्या बाजूने हे चरित्र पाहण्याचा माझा प्रयत्न आहे.

मुळात चित्रपटाचा जन्मच भाड्याच्या जागेत झाला. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिए बंधूंनी तिकीट लावून पहिला जाहीर खेळ केला, तो एका कॅफेच्या तळघरात. उत्पन्नात वाटा घेण्याऐवजी कॅफेच्या मालकाने रोजचे ३० फ्रँक भाडे पसंत केले. पहिल्या दिवशी एक फ्रँक देणारे अवघे ३३ प्रेक्षक आले, तेव्हा त्याला आपण शहाणपणा केला असेच वाटले असेल. पुढे थोड्याच दिवसांत त्या दारापुढे रांगा लागल्या! मुंबईत हा खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला. तिकीट एक रुपया, म्हणजे साहेबांपुरतेच. नंतर तो नॉव्हेल्टी थिएटरात गेला आणि तेथे चार आण्यांचीही जागा ठेवण्यात आली. खेळ तोच, पण जागा बदलताच बघणारी माणसे बदलली.

त्यानंतर आले तंबू. १९०२ साली जमशेदजी मादन यांनी कलकत्त्याच्या मैदानावर तंबू ठोकून खेळ सुरू केले. मुंबईत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी १८९९ साली हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचे चित्रण केले होते. परदेशी चित्रपटांचे उघड्यावर खेळही ते करीत. थोडक्यात, पक्क्या भिंतींची चित्रपटगृहे होण्याआधी चित्रपट मैदानातच राहत होता.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. वडील संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात अध्यापकाची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईस आले. १८८५ साली धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला आणि छायाचित्रण आत्मसात केले. येथे एक गोष्ट मला फार सूचक वाटते. १८९२ साली अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले, ते आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीसाठी. चित्रपट जगात यायला अजून तीन वर्षे होती आणि हा बावीस वर्षांचा तरुण प्रेक्षकांनी कोठे आणि कसे बसावे, याचा विचार करीत होता.

यानंतरची वीस वर्षे म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन केलेली वणवण होय. गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ काढला, तेथे प्लेगात पत्नी आणि मूल गेले. नाटक कंपन्यांसाठी पडदे रंगवले. जादूचे प्रयोग शिकले आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटीसुलटी करून प्रोफेसर केल्फा या नावाने ते केले. १९०२ साली दुसरा विवाह झाला, याच सरस्वतीबाई. पुरातत्त्व खात्यात नोकरी मिळाली. वंगभंगाच्या चळवळीच्या दिवसांत ती सोडली. लोणावळ्यास छापखाना काढला, तो दादरला आला. १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते जर्मनीस जाऊन आले. पण भागीदाराशी मतभेद झाले आणि स्वतः उभारलेल्या छापखान्यातून ते बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, हातात धंदा नाही, घरात मुलेबाळे.

अशा मनःस्थितीत १९११ सालच्या ईस्टरच्या सुमारास (काही चरित्रकार १९१० चा नाताळ सांगतात) ते गिरगावात सँडहर्स्ट रोडवरच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. नावात पॅलेस असले तरी ते तंबूतले थिएटर होते. तेथे येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट त्यांनी पाहिला आणि पडद्यावर ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम आणि कृष्ण दिसू लागले. पुन्हा एकदा ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला तंबू महत्त्वाचा वाटतो. संस्थानिकांच्या दिवाणखान्यात किंवा हॉटेलच्या दालनात हा खेळ असता तर धंदा बुडालेला एक गृहस्थ मुलाबाळांसह तेथे गेला असता का? तंबूत तिकीट काढून कोणीही आत जाऊ शकत होता, म्हणून फाळके आत गेले.

पुढचे सहा महिने ते वेड्यासारखे चित्रपट पाहत राहिले. डोळे इतके सुजले की काही काळ दिसेनासे झाले. विम्याची पॉलिसी गहाण ठेवून फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांनी त्यांना प्रथम या धंद्यातले धोके सांगून परावृत्त करायचा प्रयत्न केला आणि मग सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेऊन सोडले. एप्रिलमध्ये ते कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन परत आले. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो, याची छोटी फिल्म काढून त्यांनी सावकाराला दाखवली. तेव्हा कोठे भांडवल मिळाले. सरस्वतीबाईंनी दागिने दिले. दिवसा कंपनीच्या माणसांचा स्वयंपाक आणि रात्री अंधारात फिल्मला भोके पाडणे, ही दोन्ही कामे त्या माउलीने केली. चित्रपटसृष्टीचे जनक म्हणताना आपण जननीला विसरतो, हे येथे नमूद केले पाहिजे.

चित्रीकरण दादरला झाले; त्या भागातल्या रस्त्याला आज त्यांचेच नाव आहे. स्त्री-भूमिकेला स्त्री मिळेना. शेवटी ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात दहा रुपये पगारावर स्वयंपाक करणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि रोहिदास झाला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र.

आता आपल्या ठाणे जिल्ह्याशी असलेला संबंध. बाहेरची दृश्ये घ्यायला फाळक्यांनी वांगणी निवडले. बदलापूरच्या पुढचे हे स्टेशन. ठाण्याहून कर्जत लोकलने आपण आजही थेट जातो. फाळक्यांना ताप होता, म्हणून मंडळी पुढे गेली. ढाली-तलवारी आणि भाले घेतलेली इतकी माणसे पाहून गावाला वाटले, दरोडेखोरच आले! वर्दी गेली, फौजदारांनी चौकशी मांडली. नाटक कंपनी आहे म्हणावे तर रंगमंच नाही, पडदे नाहीत. शेवटी मंडळींनी तेथेच अभिनय करून दाखवला. मग प्रकरण निवळले. आपण ही हकीकत विनोदी म्हणून सांगतो. पण गावाची काही चूक नव्हती. मोकळी जागा ही कधीच कोणाची नसलेली जागा नसते. ती गावाची असते आणि गावाला आधी विश्वासात घ्यावे लागते. भारतीय चित्रपटाने मागितलेली ही बहुधा पहिली परवानगी असावी आणि ती अर्जावर मिळाली नाही, अभिनयावर मिळाली!

सहा महिने सत्तावीस दिवस काम चालून ३,७०० फूट लांबीचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिम्पिया थिएटरात निमंत्रितांसाठी आणि ३ मे रोजी कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये जनतेसाठी तो दाखवला गेला. बरोबर नाच, कसरती आणि विनोदी प्रवेशही होते, कारण एका चित्रपटावर प्रेक्षक येतील याचा थिएटरवाल्याला भरवसा नव्हता. चित्रपट तेवीस दिवस चालला. मुंबई जिंकली, मग ते बाहेरगावी निघाले. सुरतेला पहिल्या दिवशी गल्ला तीन रुपये झाला असे सांगतात. सहा-सहा तास चालणारी नाटके पाहणाऱ्यांना दीड तासाचा खेळ महाग वाटत होता. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली की तीन आण्यांत ५७,००० छायाचित्रे आणि दोन मैल लांबीचे चित्र पाहायला मिळेल. गल्ला शंभरपट वाढला म्हणतात. मी हिशेब करून पाहिला. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे असतात. ३,७०० फुटांत ५९,२०० होतात. म्हणजे छायाचित्रांचा आकडा जवळपास खरा होता. पण मैल ५,२८० फुटांचा, त्यामुळे चित्राची लांबी एक मैलसुद्धा भरत नाही. हरिश्चंद्राच्या नावावर एवढे एक असत्य त्या सत्यवचनी राजाने पोटात घातले असावे!

पण थिएटर होते मोठ्या शहरांत. लोक होते खेड्यापाड्यांत. म्हणून बैलगाडीत प्रोजेक्टर, पडदा आणि रिळे घालून फाळके गावोगाव फिरले. तंबू किंवा मोकळी जागा, बसायला जमीन, आणि पडदा. १९१३ च्या अखेरीस त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१४ साली 'मोहिनी भस्मासुर' आला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या. त्याच वर्षी ते चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तेथेच राहून काम करण्याची मागणी आली असता नाशिकला आपली माणसे वाट पाहत आहेत म्हणून ती त्यांनी नाकारली. १९१७ च्या 'लंकादहन'ने तर कहर केला. अण्णा साळुंके त्यात राम आणि सीता दोन्ही झाले होते. पडद्यावर राम येताच लोक पायातले जोडे काढीत आणि मद्रासला जमलेली नाणी पोत्यांत भरून पोलिसांच्या पहाऱ्यात बैलगाडीने न्यावी लागली, असे सांगतात. जोडे काढण्याच्या त्या हकीकतीवर मी थोडा वेळ थांबले. भाड्याचे थिएटर, परक्याच्या खुर्च्या. पण तेवढ्या वेळापुरते लोकांनी त्याचे देऊळ केले.

आता आमच्या खटपटीविषयी थोडे लिहिते. वागळे इस्टेट म्हणजे कारखान्यांची वसाहत. १९६२ साली राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाची सुरुवात येथूनच झाली. रस्त्यांना येथे नावांपेक्षा नंबर जास्त. कित्येक कारखाने बंद पडून त्या जागी काचेच्या इमारती आल्या. माझे वडील ज्या कारखान्यात लेथवर होते, तोही त्यांतलाच. वडील सांगतात, त्यांच्या लहानपणी गणपतीत रस्त्यावर आडवे कापड बांधून सिनेमा दाखवत. समोर जागा मिळाली नाही तर मुले पडद्यामागे बसत. तिकडून नायक डावखुरा दिसे आणि नावे उलटी. पण बघायला मिळे, आणि कोणी उठवत नसे.

आज एका रात्रीसाठी मैदान मागायचे तर मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज, भाडे, वर अनामत रक्कम, पोलिसांची परवानगी, ध्वनिक्षेपकाची वेगळी परवानगी, विजेची सोय आणि नंतर सफाईची हमी द्यावी लागते. यातले काहीही मला गैर वाटत नाही. वांगणीच्या गावकऱ्यांना जी चौकशी करावीशी वाटली, तीच ही कागदावरची. अडचण निराळी आहे. एप्रिलअखेर म्हणजे लग्नसराई आणि क्रिकेटचे सामने. मैदाने थोडी आणि मागणारे फार. ज्याची अनामत मोठी त्याचा मंडप आधी पडतो. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही आणि साडेसातच्या आत नीट अंधार पडत नाही. हातात उरतात अडीच तास. एका ठिकाणी जागा नक्की झाली असे वाटले, पण ती ऐनवेळी लग्नाला गेली. दोन आठवडे वर्ग आणि अर्ज यांत माझी ओढाताण झाली. कोणत्या टेबलावर कोणता कागद लागतो, हे आमच्या घरात मला सांगणारे कोणी नव्हते. विचारत विचारत शिकले.

शेवटी एका लहान वर्कशॉपच्या मालकांनी टेम्पो लावायचे त्यांचे आवार एका रात्रीपुरते दिले. नाममात्र भाडे घेतले आणि रीतसर पावती दिली. पडदा बांधताना कळले की वाऱ्यापुढे पडदा म्हणजे जहाजाचे शीडच. चारही कडांना दोऱ्या ओढून तो लोखंडी खांबांना आवळावा लागला. दाखवायला 'राजा हरिश्चंद्र'चे उरलेले भाग आणि 'कालिया मर्दन'. कायद्याने चित्रपटाचा हक्क साठ वर्षांचा, त्यामुळे येथे कोणाला शुल्क देणे नव्हते. दुसऱ्या दिवशी कामगार दिन, म्हणजे सकाळच्या पाळीची घाई नाही. मराठी, भोजपुरी, तमिळ, कन्नड बोलणारी माणसे ताडपत्रीवर मांडीला मांडी लावून बसली. चित्रपट मुका, म्हणून भाषेची अडचण कोणालाच नव्हती. पूर्वी पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगणारा माणूस असे. ते काम मी केले. 'कालिया मर्दन'मध्ये बालकृष्णाचे काम फाळक्यांच्या मुलीने, लहानग्या मंदाकिनीने केले आहे, हे सांगितल्यावर पुढे बसलेल्या मुली ताठ होऊन पाहू लागल्या. माझ्या आईने थिएटरात शेवटचा सिनेमा माझ्या जन्माआधी पाहिला होता. तिकिटाचे पैसे वाचवणे हेच तिचे कारण. पण त्या आवाराला दार नव्हते आणि तिकीटही नव्हते. ती पहिल्या रांगेत होती. पावणेदहाला आम्ही दिवे लावले.

असो. पुन्हा फाळक्यांकडे वळू. १९१८ साली भांडवलदारांच्या भागीदारीत हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. 'श्रीकृष्ण जन्म' आणि १९१९ चा 'कालिया मर्दन' याच कंपनीचे. पण जमाखर्च बघणाऱ्यांशी त्यांचे जमेना. ते काशीला निघून गेले आणि तेथे 'रंगभूमी' नाटक लिहिले. मग परत आले, पुन्हा कामाला लागले. दरम्यान चित्रपट बोलू लागला होता. १९३२ चा 'सेतुबंधन' मुका काढून नंतर त्याला आवाज जोडावा लागला. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १९३९ साली मुंबईत चित्रपटसृष्टीचा रौप्यमहोत्सव झाला. ज्याच्या चित्रपटापासून ती पंचवीस वर्षे मोजली, त्याला राहायला स्वतःचे घर नव्हते. निर्मात्यांनी वर्गणी केली आणि नाशिकला त्यांचे घर झाले.

तरीही त्यांना आणखी एक चित्रपट काढायचा होता. महायुद्धाचे दिवस, फिल्म मिळायची तर सरकारी परवाना हवा. त्यांनी अर्ज केला. नकाराचे पत्र १४ फेब्रुवारी १९४४ रोजी आले असे चरित्रकार सांगतात. दोन दिवसांनी, १६ फेब्रुवारीस, नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. वय ७३. वांगणीला परवानगी मिळवून सुरू झालेले काम परवानगी नाकारली गेल्यावर थांबले.

१९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. मुंबईची चित्रनगरी त्यांच्या नावाची आहे, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक आहे. हा सन्मान योग्यच होय. पण आपल्या राज्यात पुसेगावसारख्या जत्रांत तंबूत सिनेमा दाखवणाऱ्या फिरत्या टॉकीज अगदी अलीकडेपर्यंत येत होत्या. त्यांच्यावरचा 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' हा माहितीपट २०१६ साली कान महोत्सवात गौरवला गेला. ट्रकवर प्रोजेक्टर, जत्रेत भाड्याने घेतलेला जमिनीचा तुकडा आणि वर ताणलेले कापड. मला वाटते, फाळक्यांची बैलगाडी ती हीच. चित्रपट काढायला आज हातातला फोनही पुरतो. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांसह एकत्र बसून पाहायला मात्र अजून जमीनच लागते, आणि ती कोणीतरी द्यावी लागते. आपल्या शहरांच्या नकाशात घरांना, कारखान्यांना, गाड्यांना जागा राखून ठेवतात. एका पडद्यापुरती आणि त्यासमोर मांडी घालून बसणाऱ्या माणसांपुरती जागाही त्यात असावी, एवढेच या थोर पुरुषाला अभिवादन करताना मागावेसे वाटते.